कोणाच्या घड्याळात किती वाजले?

तुझी ती लांबलचक व्हॉइस नोट मी दोनदा ऐकली. एकदा तू काय म्हणतेस ते ऐकायला आणि एकदा कसं म्हणतेस ते. दुबईच्या स्टेशनने बोलावलंय हे सांगताना तुझा आवाज वर गेला. इंग्लंडच्या कोर्सचं पत्र आलंय म्हणालीस तेव्हा जरा सपाट झाला, आणि "आई नको म्हणतेय" इथे तर तू श्वासच घेतला नाहीस. म्हणजे मनातून काय हवंय ते तुझं तुला ठाऊक आहे. तरी विचारते आहेस, तर मोकळेपणी सांगते. मोठी बहीण म्हणून सांगते आणि वीसेक वर्षं माइकसमोर काढली म्हणूनही.

आधी सांगलीचं ऐक. मी आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक म्हणून लागले तेव्हा महिन्यातून मोजक्या ड्यूट्या मिळायच्या. पहाटेच्या ड्यूटीला बाबा स्कूटरवरून सोडायला यायचे, तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. मला वाटायचं, निवेदन म्हणजे आवाज. घरी आरशासमोर उभी राहून आवाज खर्जात नेण्याचा सराव करायचे. पहिल्याच आठवड्यात तिथल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला बाजूला घेतलं. मी "सकाळचे सहा वाजून पाच मिनिटं झाली आहेत" हे फार सुरेख म्हटलं होतं, निदान मला तसं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "वेळ कोणाला सांगितलीस? भिंतीवरच्या घड्याळाला?" मग त्यांनी विचारलं, आत्ता कोण ऐकत असेल? मी म्हटलं, सगळे. त्या म्हणाल्या, सगळे कोणी नसतातच. एक माणूस असतो. डेअरीत दूध घालायला निघालेला, किटली सायकलला अडकवलेली, त्याला सहाची वेळ गाठायची होती आणि पाच मिनिटं उशीर झालाय. त्याला सांग.

हे मी तेव्हा नुसतं मान डोलावून ऐकलं. समजलं दुबईला गेल्यावर.

तिथे मला रात्रीचा शो मिळाला, नऊ ते बारा, हिंदीत. पुण्यात खासगी एफएमवर इतकी वर्षं काढलेली, त्यामुळे कन्सोल, प्लेलिस्ट, गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यांवर बोलून शब्द सुरू व्हायच्या आत थांबणं, हे सगळं हातात बसलेलं होतं. ऐकणारा मात्र मला ठाऊक नव्हता. माझ्या डोक्यात होता मुंबई-पुण्याचा नोकरदार, गाडीत बसलेला. आणि ऐकत होते पेशावरचे टॅक्सीवाले, केरळचे स्वयंपाकी, सिल्हेटचे गवंडी, नेपाळी पहारेकरी. हिंदी यांतल्या बहुतेकांची घरची भाषा नव्हती. कामावर एकमेकांशी बोलायची भाषा होती ती.

मी दहा वाजता वेळ सांगायचे, "रात्रीचे दहा वाजलेत." मग एकदा एका सहकाऱ्याने सुचवलं, गावाकडची वेळही सांग, लोकांना आवडतं. म्हणून मी म्हणायला लागले, दुबईत दहा, कराचीत अकरा, मुंबईत साडेअकरा, ढाक्यात बारा. आठवडाभर असं चाललं. एका रात्री शारजाहून फोन आला. बांधकामावरचा पहारेकरी होता. गाण्याची फर्माईश नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, "दीदी, हमारा टाइम नहीं बोला." मी विचारलं, तुमचं कुठलं? काठमांडूच्या पुढचं कुठलंसं गाव त्याने सांगितलं. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं, हे मला शाळेपासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्या पावणेबाराची कोणीतरी वाट बघत असणं वेगळं. दुसऱ्या दिवसापासून साडेअकराच्या आणि बाराच्या मधे पावणेबारा आले. तो महिनाभर रोज फोन करायचा, वेळ ऐकली की "ठीक है दीदी" म्हणून ठेवून द्यायचा.

माझं सगळं म्हणणं त्या पावणेबारात आहे बघ. परदेशात जाताना तू आवाज घेऊन जाशील, तो तर गळ्यातच आहे. पण तिथे ऐकणारा कोणाच्या घड्याळावर जगतोय हे शिकल्याशिवाय त्या आवाजाला काही किंमत नाही. आणि ते दर देशात पहिल्यापासून शिकावं लागतं. आधीच्या देशातलं शहाणपण पुढच्या देशात चालत नाही.

माझ्यावर ही वेळ २०२२ साली दोनदा आली, एकाच वर्षात. १३ मे, शुक्रवार. दुपारी मी शोची तयारी करत होते, तेवढ्यात अमिरातींचे अध्यक्ष शेख खलिफा गेल्याची बातमी आली. देशात चाळीस दिवसांचा दुखवटा जाहीर झाला, तीन दिवस कचेऱ्या बंद. आमच्याकडे पहिल्या काही मिनिटांतच गाणी काढली, जिंगल काढल्या, जाहिराती काढल्या. मी स्टुडिओत बसलेली, समोर फेडर, आणि बोलायचं काहीच नाही. अधिकृत निवेदन आणि संथ वाद्यसंगीत, बस्स. मला सारखं वाटत होतं, दोन शब्द बोलावेत, आपल्याकडे बोलतात तसे. आमच्या प्रोड्यूसरने हाताने थांबवलं. त्या देशात त्या घडीला माझा आवाज नसणं हेच माझं काम होतं. पुण्याच्या सवयीने चार भावुक वाक्यं बोलले असते तर ती कोणाचीच नसती.

जुलैत तुझ्या भावजींची बदली झाली आणि आम्ही लेस्टरला आलो. नोकरी नव्हती. मी एका छोट्या कम्युनिटी रेडिओवर बिनपगारी जायला लागले, आशियाई श्रोत्यांच्या संध्याकाळच्या कार्यक्रमाला मदतनीस म्हणून. ८ सप्टेंबरला साडेसहाच्या सुमारास राणी एलिझाबेथ गेल्याची बातमी आली. माझं मन लगेच मे महिन्यात गेलं, म्हटलं, आता गप्प बसायचं. इथेही गाणी बदलली, जाहिराती थांबल्या. पण फोन वाजायला लागले. आणि जिच्या हाताखाली मी होते तिने ते फोन घेतले, एकेक करून हवेत सोडले.

कोणाचे होते ते फोन? लेस्टरच्या गुजराती आज्यांचे. १९७२मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना नव्वद दिवसांत निघायला सांगितलं, तेव्हाच्या तरुण मुली या. हजारो लोक ब्रिटनला आले. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, इकडे येऊ नका, जागा नाही. तरी लोक आले आणि हे शहर त्यांनीच उभं केलं म्हटलं तरी चालेल. त्यातल्या एक बा म्हणाल्या, घर गेलं, दुकान गेलं, बॅगेत एक पासपोर्ट होता, तोही या राणीच्या नावाने दिलेला. मग त्या रडायला लागल्या. निवेदिकेने त्यांना थांबवलं नाही, स्वतःही बोलली नाही. मी शेजारी बसून हे बघत होते. मे महिन्यात दुबईत जे बरोबर होतं, ते इथे चूक ठरलं असतं.

लेस्टरचं आणि आपल्या लोकांच्या रेडिओचं नातंही जुनं आहे. बीबीसीचं पहिलं स्थानिक केंद्र १९६७मध्ये इथेच निघालं, आणि १९७६मध्ये त्याच केंद्रावर आशियाई श्रोत्यांसाठी रोज संध्याकाळी सहाचा कार्यक्रम सुरू झाला. आजच्या एशियन नेटवर्कचं मूळ त्यात आहे. एवढे लोक रेडिओला का चिकटले, हे मला त्या बांचा फोन ऐकून उमगलं.

माझ्या हातून चूकही झाली, तीही सांगते, कारण तुझ्या हातून ती होऊ नये. इंग्लंडमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेपाच. ३० ऑक्टोबरच्या त्या रविवारी सकाळी मी पहिल्यांदा एकटी शो करत होते. भारतातली वेळ सांगितली ती जुन्या हिशेबाने. एका आजींच्या नातवाचा साखरपुडा भुजला होता, तिथल्या चार वाजता, आणि त्या व्हिडिओ कॉलवर बघणार होत्या. माझ्या सांगण्यावर विसंबून त्या बसल्या एक तास उशिरा. तोवर अंगठ्या घालून झाल्या होत्या. त्यांनी फोन करून मला रागावलंसुद्धा नाही, नुसतं सांगितलं. मी त्या रात्री जेवले नाही. आजही त्या दोन रविवारांच्या आदल्या दिवशी मी कन्सोलवर चिठ्ठी चिकटवते.

आता तुझी दुसरी काळजी. "माझी हिंदी मराठी वळणाची आहे, चालेल का?" अगं, अमीन सयानी गेले २०२४च्या फेब्रुवारीत, एक्याण्णव वर्षांचे होऊन. १९५२मध्ये त्यांची बिनाका गीतमाला रेडिओ सिलोनवर सुरू झाली. त्या काळात आपलेच बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री होते आणि आकाशवाणीवर सिनेसंगीताला त्यांनी आवर घातला होता. म्हणून सगळा देश कोलंबोकडे काटा फिरवायचा. पण सयानी काही कोलंबोला राहत नव्हते. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने जायच्या. आणि त्यांची ती सोपी भाषा आली कुठून? त्यांच्या आई, कुलसुम सयानी, 'रहबर' नावाचं पत्र काढायच्या. नुकतं लिहा-वाचायला शिकलेल्यांसाठी, एकच सोपी हिंदुस्थानी तीन लिप्यांत: देवनागरी, उर्दू आणि गुजराती. त्या कामात हा मुलगा आईला मदत करायचा. नवख्या वाचकाला कळेल असं लिहिता लिहिता त्यांची बोलण्याची रीत घडली. तुझ्या हिंदीला मराठी वळण आहे ते राहू दे. पेशावरच्या टॅक्सीवाल्याच्या हिंदीलाही त्याचं वळण आहे. अवघड शब्द मात्र काढून टाक. 'तथापि' आणि 'सर्वप्रथम' पुण्यातच ठेवून जा.

उच्चारांचं मात्र मनावर घे. हिंदी-उर्दूतला नुक्त्याचा ज आपल्याला जमतो, कारण 'जग' आणि 'जोर' आपण दातांशीच म्हणतो. पण मग 'जाना'सुद्धा तसंच निघतं, तिथे जीभ टाळूला लावायची आठवण ठेव. इंग्रजीत आपला 'व' घोटाळा करतो. आणि नावं! मी लेस्टरला आल्यावर जवळच्या गावाचं नाव स्पेलिंगप्रमाणे 'लाउघबरो' वाचलं होतं. ते 'लफबरा' असं म्हणतात. गावाचं नाव चुकलं की त्या गावातला माणूस पुढचं ऐकतच नाही. माझ्याकडे प्रत्येक देशाची एक वही आहे, डावीकडे लिहिलेलं नाव, उजवीकडे देवनागरीत उच्चार. दुबईची वही तुला पाठवते. देवनागरीसारखी सोय नाही त्याला.

कागदपत्रांचं नीट ऐक, इथे आईला शेजारी बसव. दुबईत तुझा व्हिसा कंपनीच्या नावावर असेल, म्हणजे नोकरी गेली की राहण्याचा हक्कही संपत येतो, हाताशी मोजके दिवस उरतात. तीन-चार महिन्यांचा खर्च आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेव आणि त्यांना हात लावू नको. पगाराचा आकडा बघून हुरळून जाऊ नको, त्यातलं मूळ वेतन किती ते बघ. तिथे नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर धरतात, पहिल्या पाच वर्षांसाठी दरसाल एकवीस दिवसांचं वेतन. माझ्या एका करारात मूळ वेतन बारीकसं आणि बाकी सगळे भत्ते होते. सही करताना मी एकूण आकडा बघितला होता. निघताना हातात काय आलं ते बघून मी खूप वेळ त्या कागदाकडे पाहत बसले. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा. "ऑफिसात सुरक्षित राहील" असं कोणी गोड बोलून मागितला तरी नाही म्हणायचं, कायदा तुझ्या बाजूने आहे.

आणि करारात आवाजाचं कलम शोध. हे माझ्या वेळी नव्हतं. नोकरी संपल्यावर तुझा आवाज वापरायचा असेल, किंवा यंत्राला शिकवायला घ्यायचा असेल, तर वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे, असं लिहून घे. २०२४च्या ऑक्टोबरात पोलंडमधल्या क्राकोच्या एका सरकारी रेडिओ वाहिनीने माणसांऐवजी कृत्रिम बुद्धिमत्तेचे निवेदक बसवले होते. कवयित्री शिंबोर्स्का जाऊन बारा वर्षं झालेली, त्यांचीसुद्धा 'मुलाखत' घेतली. लोक इतके संतापले की आठवडाभरात तो प्रयोग गुंडाळावा लागला. तिथे लोक उठले, सगळीकडे उठतीलच असं नाही. आपला आवाज आपणच सांभाळायचा.

इंग्लंडच्या कोर्सबद्दल माझं मत तुला आवडणार नाही. कर्ज काढून जाऊ नको. इथे रेडिओत तरुणांना काम मिळतं ते बरंचसं सुट्या शिफ्टचं, फ्रीलान्स. आणि विद्यार्थी व्हिसावर फ्रीलान्स काम करायला बंदी आहे. म्हणजे शिकशील, पण शिकतानाच हवेत जायची जी खरी वाट आहे तीच बंद. कम्युनिटी रेडिओत आणि रुग्णालयांच्या रेडिओत लोक आनंदाने घेतात, तिथे खूप शिकायला मिळतं. मी स्वतः पहिल्या हिवाळ्यात रुग्णालयाच्या रेडिओवर गेले आहे, वॉर्डात फिरून खाटेखाटेशी फर्माईश लिहून घ्यायची आणि मग वर स्टुडिओत येऊन लावायची. ऐकणाऱ्याचा चेहरा बघून मग माइकसमोर बसायला मिळतं, असं दुसरीकडे कुठे मिळतं सांग? पण त्याने घरभाडं भरत नाही. तेव्हा आधी दुबई. रोज तीन तास हवेत राहशील, दोन वर्षांत गळा आणि कान दोन्ही तयार होतील. मग इंग्लंडचं बघू, तोवर तुझे पैसेही साठतील.

बाईमाणूस म्हणून एक सांगते, हे आईसमोर बोलू नको, ती घाबरेल. लोकांना आवाजाची ओढ लागते. बहुतेकांची माया असते, एखाद्याची नसते. कुठल्या इमारतीत राहतेस, कितीला सुटतेस, कुठल्या मेट्रोने जातेस, हे हवेत कधी बोलायचं नाही. समाजमाध्यमांवर स्टुडिओचा फोटो टाकायचा तो घरी पोहोचल्यावर. माझ्यामागे एक माणूस पार्किंगपर्यंत आला होता. पहाऱ्यावरच्या काकांनी बघितलं म्हणून निभावलं. त्यानंतर मी सहा महिने एकटी लिफ्टमध्ये गेले नाही.

आता आई. ती नको म्हणतेय कारण तिला वाटतं, रेडिओसाठी कोणी मुलगी परदेशी जाते का. तिला वेणू चितळ्यांची गोष्ट सांग. आपल्या शेजारच्या शिरोळच्या त्या. पुण्यात हुजूरपागेत शिकल्या आणि १९३४मध्ये इंग्लंडला गेल्या. तू जरा विचार कर, १९३४! महायुद्ध सुरू झाल्यावर बीबीसीत लागल्या. जॉर्ज ऑर्वेल तिथे भारतासाठीचे कार्यक्रम करत होता, त्याच्या बरोबरीने त्यांनी काम केलं. लंडनवर बॉम्ब पडत असायचे त्या दिवसांत ही शिरोळची मुलगी माइकसमोर बसून हिंदुस्थानातल्या घरांशी बोलत होती, आणि इंग्रज गृहिणींसाठीच्या कार्यक्रमात भारतीय पाककृतीही सांगत होती. टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद आणि ऑर्वेल यांच्यासोबतचा तिचा एक फोटो आहे, माइकभोवती सगळे जमलेत. तो आईला दाखव. पुढे त्या परत आल्या, हेही सांग. आईला ते ऐकायला आवडेल.

एकटेपणाचं मी काही सांगत नाही, तो येणारच. गणपतीत येईल, आणि कुठल्याशा साध्या मंगळवारीही येईल. माझा यावर एकच उपाय होता. शो संपल्यावर घरी जाऊन मराठीत मोठ्याने काहीतरी वाचायचं, दहा मिनिटं, कोणी ऐकायला नसलं तरी. दिवसभर दुसऱ्या भाषेत हसून बोललेला गळा त्याने मोकळा होतो. आणि 'ळ' शाबूत राहतो.

निघायच्या आधी एक महिना मला दे. दुबईची हिंदी स्टेशनं इंटरनेटवर लागतात. रोज एक तास ऐक, आणि निवेदक काय बोलतो ते सोडून फोन करणारे काय बोलतात ते लिहून काढ. कुठलं गाव, काय काम, काय मागितलं. ती वही झाली की मला फोटो पाठव, मग आपण तुझा डेमो बसून करू. दोन मिनिटांचा पुरे. त्यात तुझी ती खळखळून हसण्याची क्लिप टाकू नको, ती सगळेच टाकतात. एखाद्या माणसाशी बोलतानाची टाक. परवा तू त्या भाजीवाल्या मावशींना फोनवर घेतलं होतंस ना, त्यांचा मुलगा पोलिसभरतीत पास झाला तेव्हा? मी इथून ऐकत होते. त्या गप्प झाल्या आणि तूही झालीस, चांगले तीन-चार सेकंद. तेवढं काप आणि पाठव.

इथे साडेदहा वाजलेत. घड्याळं बदलली आहेत, तेव्हा तुझा चारचा गजर आत्ताच वाजला असेल. ऊठ, गरम पाणी पी, आणि आज सहाची वेळ सांगशील तेव्हा मी जागी असेन.